वरकरणी सुस्थितीत

अँटवर्पच्या सहाव्या गोदामात, फेब्रुवारीत
श्वाससुद्धा दिसतो, त्याचीही नोंद करावीशी वाटते.
सान पेद्रोहून आलेला कोको. जहाज 'अलिकी'.
तीन नंबरचा खण, चारशे बारा गोण्या भिजलेल्या.
बिल्टीवर मात्र एकही शेरा नाही:
माल वरकरणी सुस्थितीत चढवला.
वरकरणी.
या एका शब्दावर माझं घर चालतं.

वीस वर्षांपूर्वी रेमीने शिकवलं,
पाण्यालाच विचारायचं, तू कुठलं?
माणसं फिरवून बोलतात, पाणी नाही.
गोणीवर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोड.
दुधाळ झाला, तर समुद्र आत आला होता,
झाकणाचं रबर गेलेलं, पैसे जहाज भरेल.
नितळ राहिला, तर तो जहाजाचा घाम:
विषुववृत्तावर भरून घेतलेली ऊब
बिस्केच्या गारठ्यात लोखंडाला लागून ठिबकते.
हवा खेळती ठेवली होती का,
यावर मग वकील वर्षभर जेवतात.

वाहतूकदाराच्या पदरी सतरा सबबी.
आस्मानी माफ, सुलतानी माफ,
युद्ध, संप, आग,
आणि माझी आवडती, मालाचा अंगभूत दोष.
म्हणजे कोको कुजला, कारण तो कोको होता.
(कधी झोप लागत नाही तेव्हा
हे कलम मी स्वतःला लावून पाहते.)
भरपाईचा आकडाही आधीच बांधलेला,
नगावर किंवा किलोवर, जास्त भरेल तो.
समुद्राने मर्यादा सोडली तरी
जबाबदारीने सोडायची नाही.

सकाळपासून सगळे थेंब नितळ.
चॉकलेट कारखान्याचा दिर्क
माझ्या मागे उभा, नाक ओढत.
दोनशे सत्त्याण्णवावी गोणी उलटली
आणि डाग वेगळा निघाला.
काठाला नाही, तळाला नाही,
मधोमध, तिरका,
मान टेकेल एवढा खोलगट.
थेंब सोडला.
दूध झालं.
"समुद्र!" दिर्क म्हणाला. "लिहा."

तेव्हा जहाजमालकांचा वकील पुढे आला,
पेनहॅलो. राखाडी हातमोजे,
आयुष्यात गोणी न उचललेला माणूस.
वाकला. वास घेतला.
"मॅडम, मीठ काही फक्त समुद्राकडेच नसतं.
हा खांदा आहे."

वर पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढाच आवाज.

पासष्ट किलो. सान पेद्रोचा धक्का. बहुधा दुपार.
मी भरणीचे कागद काढले:
टोळी क्रमांक नऊ, गोण्या इतक्या, वेळ इतकी,
खाली मोजणाऱ्या कारकुनाची सही, कुआदियो.
पाठवणारा आहे, घेणारा आहे, कप्तान, विमेवाला,
जहाज भाड्याने घेणारा,
त्याच्याकडून पुन्हा भाड्याने घेणारा.
उचलणारा कुठेच नाही.
सात हजार किलोमीटरांत त्याची आठवण
एकाच माणसाला झाली,
तीही बचाव म्हणून.

अहवालात लिहिलं:
गोणी २९७, क्लोराइड आढळले, उगम सागरी नाही.
दिर्क न बोलता गाडीत जाऊन बसला.
पेनहॅलोने टोपीला हात लावला,
जिंकल्याचं दाखवू नये इतपत तो सभ्य आहे.
शेऱ्याच्या रकान्यात अजून जागा होती.
पेन तिथे थोडा वेळ धरून ठेवलं.
मग टोपण लावलं.

सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की कळत नाही.
उजेडात आलं की काळं पडतं,
साबणाने जात नाही,
कातडी झडेपर्यंत राहतं.
मुलीने विचारलं, हे काय गं?
गोणीचं, म्हटलं,
आणि त्याच बोटांनी
तिच्या पावाला चॉकलेट लावलं.